बोटीचा ट्रेलर घेताना आधी वजन, मग गंज, किंमत सगळ्यात शेवटी

ट्रेलर बनवून द्या म्हणून कोणी वर्कशॉपला आलं, की माझा पहिला प्रश्न: बोटीचं वजन किती? उत्तर ठरलेलं. "असेल सहाशे किलो." हे ब्रोशरमधलं वजन, नुसत्या हलचं, म्हणजे इंजिन-सामान नसलेल्या रिकाम्या बोटीचं. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवतात तशी १८ फुटी फायबरची स्पीडबोट धरा. हल ६०० किलो. ११५ अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन पावणेदोनशे. १०० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४ किलो. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं आणि कोणी कधीच उतरवत नाही तो कप्प्यांतला पसारा धरून आणखी ८०-९०. झाले ९३५ च्या आसपास. ट्रेलरचे स्वतःचे ३०० वेगळे. सगळं मिळून साधारण १,२३५, म्हणजे थोडी ताकद हाताशी ठेवून १,५०० किलो पेलणारा ट्रेलर हवा. ट्रेलरवाल्याने सांगितलेला क्षमतेचा आकडा ट्रेलरसकट आहे की फक्त बोटीचा, हे विचारून घ्या; इथेच गल्लत होते. शंका असेल तर कोणाचा तरी ट्रेलर मागून बोट सरळ ट्रकच्या वजनकाट्यावर न्या.

आता बोट बसते कशी ते बघू. पाण्यात हलला सगळीकडून आधार असतो, ट्रेलरवर तो चार-सहा ठिकाणीच मिळतो. सगळ्यात जड वस्तू, म्हणजे इंजिन, टांगलेलं असतं ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर. म्हणून खालच्या लाकडी पट्ट्या ट्रान्समपर्यंत पोचल्याच पाहिजेत. त्या वीतभर आधी संपल्या तर तळ तिथे वाकतो, कायमचा. मग बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली घालून पळते आणि वेग मिळत नाही, आणि मालक इंजिनवाल्याशी भांडत बसतो. बोट चढवून मागे उकिडवे बसा आणि पट्टी व तळ यांच्यात हॅक्सॉचं पातं सरकवून बघा. मधेच सहज आत गेलं तर तिथे पट्टी टेकलेलीच नाही, आणि तो भार दुसरीकडे कुठेतरी एकवटलाय. रोलरवर बोट पटकन सरकते हे खरं, पण रोलर बिंदूवर भार देतो. फायबरच्या बोटीला मी पट्ट्याच सांगतो, आणि त्यांचे बोल्ट लाकडात खोल बसवलेले हवेत.

गंजाबद्दल मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. चौकोनी पाइप, त्यावर रेड ऑक्साइड आणि वर चकचकीत निळा रंग असलेला ट्रेलर स्वस्त मिळतो. खारं पाणी पाइपच्या आत शिरतं, निघायला वाट नसते, आणि बाहेर रंग शाबूत असताना आतून पत्रा खाल्ला जातो. उघडं सी-चॅनेल बरं; दिसतं, धुता येतं. पाइपच हवा असेल तर दोन्ही टोकांना पाणी निघायला भोकं ठेवून घ्या. गॅल्वनायझिंग हॉट डिपच हवं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं, आणि तेही सगळं वेल्डिंग, सगळी भोकं झाल्यावर. ६ मिलिमीटरहून जाड लोखंडावर जस्ताचा थर सरासरी ८५ मायक्रॉन बसायला हवा. डिपिंगला माल बाहेर पाठवावा लागतो, म्हणून काही जण आधीच गॅल्वनाइज्ड चॅनेल आणून त्यावर वेल्डिंग करतात. जोडावरचं जस्त जळून जातं आणि वर चंदेरी स्प्रे मारला जातो. वेल्डच्या रेषेवर नाण्याने खरवडा. चंदेरी भुकटी आली तर उठा तिथून.

चाकाचं बेअरिंग का खराब होतं ते समजून घ्या. रस्त्यावरून आलेलं हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेलं असतं. तसंच पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढते. ग्रीस दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. म्हणून मरीन ग्रीस, बाहेरून ग्रीस भरता येईल अशी टोपी, आणि पाण्यात घालण्याआधी अर्धा तास थांबायची सवय.

टायरवर भारक्षमता आणि चार आकडी तारीख असते: आठवडा आणि वर्ष. पुळणीवरून ट्रॅक्टरने ओढायचा असेल तर टायर रुंद घ्या. बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या विंचला वायरपेक्षा पट्टा बरा, तुटलेल्या तारा हाताला लागत नाहीत. आणि फक्त विंचच्या भरवशावर बोट कधी नेऊ नका. नाळेला वेगळी साखळी हवीच.

हायवेवर न्यायचा असेल तर रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, तेव्हा त्याचे कागद मिळतील का हे ॲडव्हान्स देण्याआधीच विचारा. काम झाल्यावर हे विचारण्यात अर्थ नसतो.

उरलेले पैसे मात्र बोट चढवून बघितल्यावरच द्या. पेट्रोल भरलेलं, सामान जागेवर. जमीन सपाट बघून ट्रेलर समतल ठेवा आणि पुढच्या कपलरखाली, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाखाली, वजनकाटा लावा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के तिथे यायला हवं, आपल्या बोटीला म्हणजे साधारण ८५ ते १२५ किलो. कमी असेल तर वेगात मागचा भाग शेपटीसारखा हलायला लागतो, जास्त असेल तर गाडी मागे बसते. ॲक्सल यू-बोल्टने धरलेला असेल तर नट सैल करून तो थोडा पुढे-मागे सरकवता येतो, तासाभराचं काम. वेल्ड करून टाकला असेल तर ट्रेलर परत करा.