ट्रान्सफॉर्मर रस्त्याला लावण्याआधी: रेकॉर्डरचं घड्याळ जुळवलंत का?

मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून साइटवर पाठवायचा असेल, तर हे गाडी हलण्याच्या आठवडाभर आधी वाचा. आदल्या रात्री वाचून उपयोग नाही, त्या रात्री प्रत्येकजण लोडिंगच्या मागे असतो. रेकॉर्डर म्हणजे इम्पॅक्ट रेकॉर्डर, वाटेत बसणारे धक्के वेळेसकट नोंदवणारा डबा.

मार्गाची पाहणी, पुलांच्या परवानग्या, वरून जाणाऱ्या तारांची उंची, पायलट गाडी ही कामं वाहतूकदार करतो, ती इथे लिहीत नाही. विम्याचं मात्र स्वतः बघा. पॉलिसी साइटच्या गेटपर्यंतच आहे की प्लिंथवर (साइटवरच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर) उतरवेपर्यंत, हे कागदावर बोट ठेवून वाचा. जॅकने उचलताना (जॅकिंग) आणि सरकवताना (स्किडिंग) बसणारे धक्के गेटच्या आत बसतात.

तेल काढून, ड्राय एअर भरून, टाकी वाहतुकीच्या अवस्थेत आली की एसएफआरए घ्या, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजून आतलं काही सरकलंय का ते आलेखात दाखवणारी चाचणी. कारखान्यातल्या अंतिम चाचणीच्या वेळी तेल आणि बुशिंगसह (टाकीतून जोडण्या बाहेर काढणारे इन्सुलेटर) घेतलेला आलेख इथे कामाचा नाही, कारण साइटवर गाडीवरच मोजायचं झालं तर तिथे ना तेल असेल ना बुशिंग. तुलना सारख्या अवस्थेतल्या आलेखांचीच करायची असते. टॅप कुठला होता, लीड कशा जोडल्या होत्या, सगळं लिहा आणि फोटो काढा. कोर-टू-टँक आणि फ्रेम-टू-टँक मेगर, म्हणजे आतला लोखंडी गाभा (कोर) आणि त्याची चौकट टाकीला टेकलेली नाही ना हे बघणारी इन्सुलेशन चाचणी, त्याच दिवशी घ्या, व्होल्टेज आणि तापमानासकट. साइटवर गाडी पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जी चाचणी तुम्हाला काही सांगणार आहे, ती हीच.

आता इम्पॅक्ट रेकॉर्डर. दोन लावा, टाकीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, वरच्या अंगाला. एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि दोघांनी एकाच क्षणी धक्का नोंदवला तर तो खरा, कुणी एका डब्यावर पाना आपटलेला नाही. टाकीच्या मजबूत भागावर वेल्ड केलेल्या पॅडवर बोल्टने आवळा. ब्लँकिंग प्लेटवर (टाकीच्या उघड्या तोंडावरच्या झाकणावर) नको, पातळ पत्रा स्वतःच थरथरतो आणि आकडे फुगतात. ट्रेलरच्या बेडवर तर मुळीच नको, तो ट्रेलरचं दुखणं सांगेल, ट्रान्सफॉर्मरचं नाही. चुंबक किंवा टेप लावून निघालेला रेकॉर्डर मी पाहिलाय, तसं करू नका. एक्स लांबीला, वाय रुंदीला, झेड वर, हे बाण टाकीवर रंगाने काढा.

आणि घड्याळ जुळवा. दोन्ही रेकॉर्डरची तारीख आणि वेळ भारतीय वेळेशी जुळवा, मिनिटाला मिनिट.

मी हे केलं नव्हतं. २२०/१३२ केव्हीचा, १०० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता. बडोद्याच्या बाजूने निघून सुरत, नवापूर, कोंडाईबारी घाट चढून धुळ्याकडे जायचा होता. निघण्याच्या आदल्या दिवशी रेकॉर्डरची बॅटरी कमी दाखवत होती. मी बदलली. बॅटरी काढल्याबरोबर आतलं घड्याळ मूळ तारखेवर, १ जानेवारीवर गेलं, आणि पडद्यावर हिरवा दिवा लुकलुकताना बघून मी झाकण लावून सील केलं. साइटवर डेटा उतरवला तेव्हा उभ्या दिशेने ४.६ जीचा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) एक धक्का होता. करारातली मर्यादा ३ जी. धक्क्याची वेळ: २ जानेवारी, पहाटे. हंगाम मे महिन्याचा.

बॅटरी घातल्यापासून किती तासांनी धक्का बसला ते मोजता येत होतं. पण बॅटरी घातली कधी? मला दुपारचे साडेचार वाटत होते, फिटरला रात्रीचे साडेनऊ. लिहून कुणीच ठेवलं नव्हतं. त्या पाच तासांवर सगळं अडलं. माझी वेळ धरली तर धक्का आमच्याच यार्डात, ट्रेलरवर चढवताना बसलेला. फिटरची धरली तर गेटबाहेर, रस्त्यावर. वाहतूकदार म्हणाला, तुमच्याकडून असाच आला. विम्याचा सर्व्हेअर म्हणाला, वेळ सिद्ध करा. कोर-टू-टँक मेगर शून्य होता, म्हणजे आत काहीतरी सरकलेलं होतं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. युनिट परत कारखान्यात आलं, उघडलं, आणि तिकडे साइटवर उन्हाळ्याचा लोड जुन्या ट्रान्सफॉर्मरने ओढला. दावा महिनोन्महिने पडून राहिला. चार आकडी वेळ कागदावर असती तर हा वाद अर्ध्या तासात मिटला असता.

म्हणून घड्याळ जुळवा, आणि जुळवलंय याचा पुरावा ठेवा. मोबाइलवरची वेळ आणि रेकॉर्डरचा पडदा एकाच फोटोत घ्या. मग रबरी हातोडीने रेकॉर्डरच्या शेजारी टाकीवर तीन ठोके मारा आणि कारखाना, वाहतूकदार आणि खरेदीदाराचा माणूस अशा तिघांच्या सह्यांनी वेळ लिहा: अमुक वाजून अमुक मिनिटांनी तीन ठोके. ते ठोके डेटात उमटतात. साइटवर पोचल्यावर, डेटा उतरवण्याआधी, पुन्हा तीन ठोके, पुन्हा फोटो, पुन्हा सह्या. मध्ये घड्याळ भरकटलं किंवा बॅटरी बदलावी लागली, तरी या दोन खुणांवरून खरी वेळ काढता येते. वाटेत बॅटरी बदलली तर लगेच घड्याळ बघा, ठोके मारा, लिहा. काही उपकरणं डेटा जागतिक वेळेत (यूटीसी) साठवतात, ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर घाटात बसलेला धक्का तुम्ही ढाब्यावर उभ्या गाडीच्या नावावर लिहाल.

बॅटरी नवीनच घाला, शिल्लक किती हे बघत बसू नका. पुलाच्या परवानगीसाठी गाडी दोन-तीन आठवडे अडकून पडते, पावसाळ्यात तर जास्तच. नोंदीची किमान पातळी फार खाली ठेवलीत तर खडबडीत रस्त्यानेच मेमरी भरेल, म्हणून निर्मात्याने सांगितलेली ठेवा. शिवाय ठरावीक अंतराने कमाल मूल्य नोंदवण्याची सोय चालू करा. डेटात काहीच नाही याचे दोन अर्थ होतात, धक्का बसला नाही किंवा रेकॉर्डर मेला होता. मधल्या नियमित नोंदी असतील तरच पहिला अर्थ काढता येतो. काचेची नळी लाल होणारी लेबलं लावायची तर लावा, पण त्यांना घड्याळ नसतं. धक्का बसला एवढंच ती सांगतात.

आकडा बघताना कालावधीही बघा. एक-दोन मिलिसेकंदांचा ८ जीचा टोला बहुधा कुणी जवळ हातोडा मारल्याचा असतो, कोरला तो हलवत नाही. पन्नास मिलिसेकंदांहून लांबलेला २.५ जीचा धक्का मर्यादेखाली असला, तरी मला जास्त काळजी त्याची वाटते.

ड्राय एअरचा दाब साधारण ०.२ ते ०.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर ठेवतात, नेमका आकडा निर्मात्याचा घ्या. रोज ठरावीक वेळी दाब आणि टाकीचं तापमान जोडीनेच लिहा. पहाटे २० अंशांना ०.२५ असलेला दाब दुपारी ४० अंशांना गळतीविना ०.३४ च्या आसपास जातो, त्यामुळे नुसता दाब लिहिलेल्या वहीतून गळती ओळखता येत नाही. राखीव सिलिंडर आणि रेग्युलेटर गाडीवरच हवा, आणि ड्रायव्हरबरोबरच्या माणसाला तो उघडता आला पाहिजे. ड्राय एअरऐवजी नायट्रोजन भरला असेल तर टाकीवर मोठ्या अक्षरांत तसं लिहा. कोरडी हवा भरून ऑक्सिजन मोजल्याशिवाय मॅनहोलमधून कुणीही डोकंसुद्धा आत घालायचं नाही, माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो.

वाटेतली वही: कुठे थांबले, कधी निघाले, घाट कधी लागला, वेग किती, लॅशिंगच्या (ट्रान्सफॉर्मर ट्रेलरला बांधणाऱ्या) साखळ्या कधी आवळल्या. वेळा मोबाइलच्या, अंदाजाच्या नाहीत. रेकॉर्डरचं घड्याळ आणि ही वही एकमेकांना जुळली तरच धक्क्याला जागा मिळते. जीपीएस असेल तर उत्तम, पण त्याचंही घड्याळ तपासा.

साइटवर गाडी पोचली की उतरवायची घाई कुणालाही करू देऊ नका, ट्रेलरचं भाडं चढत असलं तरी. आधी फोटो, दाब, ठोके, डेटा. मग गाडीवरच कोर मेगर. धक्का मर्यादेबाहेर असेल किंवा मेगर पडला असेल, तर एलआरवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) शेरा लिहा, विमा कंपनीला लेखी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत थांबा, गाडीवरच एसएफआरए घ्या. "ओके" लिहून सही दिलीत की पुढचं सगळं तुमच्या माथी.

सगळं ठीक असेल तर उतरवा. रेकॉर्डर तेव्हाही चालू. प्लिंथवर बसेपर्यंत काढायचा नाही. बसल्यावर पुन्हा डेटा, पुन्हा मेगर, पुन्हा सह्या. दोन्ही फाइल तिघांना मेल करा. रेकॉर्डर परत पाठवताना बॅटरी काढाल, तर आधी डेटा उघडून बघा की फाइल खरंच उघडतेय आणि तारीख याच महिन्याची आहे.