युसेबियससारखा कालपट आखताना

कैसरियाचा बिशप युसेबियस याने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला राज्यांच्या वर्षांचे रकाने शेजारी-शेजारी मांडून जगाचा इतिहास लिहिला. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला. आर्मेनियन भाषांतर आणि ख्रिस्ती पंडित जेरोमने ३७८ पर्यंत वाढवलेली लॅटिन प्रत उरली. तसा पट गावच्या वाचनालयात करायचा तर दुकानातली लांब खातेवही आडवी धरा.

पाच रकाने पाडा: अब्राहम-वर्ष (अब्राहमच्या जन्मापासून मोजलेलं, युसेबियसचं), इसवी सन, शके, रोम, वाकाटक (विदर्भाचं प्राचीन राजघराणं). रकाने पेन्सिलीनेच आखा, ते सरकवावे लागतातच. राज्यं वेगळी दिसावीत म्हणून जेरोम शाईचा रंग बदलत असे. लाल-काळं पेन पुरतं.

अब्राहम-वर्ष १ म्हणजे इ.स.पू. २०१६. इसवी सनात २०१६ मिळवा: निकियाची ख्रिस्ती धर्मपरिषद ३२५, म्हणून २३४१. इ.स.पूर्व असेल तर २०१७ मधून वजा करा. इथंच हमखास एक वर्ष चुकतं, कारण शून्य वर्ष नसतं.

खरी डोकेदुखी राज्यवर्षांची, म्हणजे राजवट सुरू झाल्यापासून मोजलेल्या वर्षांची. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या पुणे ताम्रपटात 'वर्ष १३' एवढंच आहे. ते इसवी सनासमोर ठाम लिहू नका, कंसात ठेवा. त्यामानानं वाशिमजवळचा हिस्से-बोराळ्याचा वाकाटक शिलालेख सोयीचा: शके ३८०, अधिक ७८, म्हणजे ४५८. वाकाटक रकान्याचा खुंटा तिथं ठोका. शके चैत्रात बदलतं, त्यामुळं जानेवारी ते मार्चच्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात.