खेळाडू आणि त्याचा राष्ट्रीय संघ: बिनचूक यादी कशी करावी

फुटबॉल खेळाडूच्या नावापुढे देश लिहिताना एकच गोष्ट पाहायची: तो कोणत्या देशाच्या वरिष्ठ संघाकडून प्रत्यक्ष मैदानात उतरला. जन्मगाव, पासपोर्ट, क्लब किंवा आडनाव यांच्यावर विसंबलं की चूक ठरलेलीच. युसेबिओ जन्मला मोझांबिकमध्ये, पण १९६६च्या विश्वचषकातले त्याचे ९ गोल पोर्तुगालचे. मिरोस्लाव क्लोझाचा जन्म पोलंडमधल्या ओपोलेचा, विश्वचषकातले १६ गोल मात्र जर्मनीसाठी. अशरफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मून मोरोक्कोकडून खेळतो, रियाद महरेझ फ्रान्समध्ये जन्मून अल्जीरियाकडून, आणि अल्फोन्सो डेव्हिस घानातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मून कॅनडाकडून. भावांचा संघही एकच असेल असं धरून चालू नये. जेरोम बोआटेंग जर्मनीचा, केविन-प्रिन्स घानाचा. २०१० आणि २०१४ अशा दोन विश्वचषकांत ते एकमेकांसमोर उभे होते. थियागो अल्कांतारा स्पेनकडून खेळला, त्याचा भाऊ राफिन्या ब्राझीलकडून.

यादीसाठी तक्ता करा आणि त्यात हे रकाने ठेवा: पूर्ण नाव, प्रचलित नाव, जन्मतारीख, पुरुष की महिला, संघ, पहिला वरिष्ठ सामना (तारीख आणि प्रतिस्पर्धी), शेवटचा सामना, सामने, गोल, आणि माहिती तपासल्याची तारीख. यातला पहिल्या सामन्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरता आला नाही तर संघाचा रकानाही कोराच ठेवा. संघनिवडीची बातमी इथे पुरावा होत नाही. निवड होऊनही खेळाडू अख्खा वेळ राखीव खेळाडूंत बसून राहू शकतो. त्या सामन्याच्या संघयादीत तो सुरुवातीच्या ११ जणांत किंवा बदली म्हणून उतरलेला दिसला पाहिजे. जन्मस्थळ हवं असेल तर वेगळ्या रकान्यात लिहा, पण तो रकाना संघाच्या शेजारी ठेवू नका. नक्कल करताना हे दोन हमखास अदलाबदल होतात.

जन्मतारीख लागते ती नावं सारखी असतात म्हणून. लुईस सुआरेझ म्हटलं की आज उरुग्वेचा आठवतो, पण १९६०चा बॅलन डी'ओर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकणारा लुईस सुआरेझ स्पेनचा होता, आणि त्याच नावाचा एक कोलंबियाचा आघाडीपटूही आहे. जोर्जिन्यो दोन आहेत: १९९४चा विश्वचषक जिंकणारा ब्राझीलचा उजवा बचावपटू, आणि ब्राझीलमध्ये जन्मून युरो २०२० (युरोपातल्या देशांची स्पर्धा) इटलीकडून जिंकणारा मध्यरक्षक. पोर्तुगालचा पेपे आणि १९५८ व १९६२च्या ब्राझील संघातला पेपे यांची गल्लत तर नेहमीचीच. ब्राझीलच्या अनेक खेळाडूंचं टोपणनाव हेच प्रचलित नाव असतं, त्यामुळे तिथे पूर्ण नावाचा रकाना कधीच मोकळा सोडू नये. कोरियन नावांत आडनाव आधी येतं: सोन ह्युंग-मिनचं आडनाव सोन. अकारविल्हे लावताना हे लक्षात नसेल तर एकच माणूस यादीत दोनदा शिरतो.

ब्रिटनच्या बाबतीत थोडं थांबून लिहावं. फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, लेखी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हे चार स्वतंत्र संघ आहेत. केनी डॅग्लिश स्कॉटलंडचा, गॅरेथ बेल वेल्सचा, जॉर्ज बेस्ट उत्तर आयर्लंडचा; रॉय कीन मात्र आयर्लंड प्रजासत्ताकाचा, म्हणजे पाचव्याच संघाचा. रायन गिग्ज शाळकरी मुलांच्या इंग्लंड संघाचा कर्णधार होता आणि २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनचाही. तरी त्याच्यापुढे वेल्सच लिहायचं, कारण शालेय सामने वरिष्ठ सामन्यांत मोजत नाहीत आणि पुरुषांची ऑलिम्पिक स्पर्धा १९९२पासून २३ वर्षांखालील संघांची आहे. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचंही तसंच: झावीने त्या संघाची जर्सी घातली असली तरी तो संघ फिफाचा सदस्य नाही, म्हणून झावी स्पेनचाच.

संघ बदललेला खेळाडू आला की फिफाचा नियम माहीत असावाच लागतो. वरिष्ठ संघाकडून नुसते मैत्रीपूर्ण सामने खेळले तर खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही. दिएगो कोस्टा २०१३मध्ये ब्राझीलकडून २ मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि २०१४च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला. विल्फ्रेड झाहा इंग्लंडकडून आयव्हरी कोस्टकडे गेला तो याच वाटेने, आणि डेक्लन राइस आयर्लंडकडून ३ मैत्रीपूर्ण सामने खेळून इंग्लंडकडे. पात्रता फेरीचा एक सामना झाला की गोष्ट बदलते. मुनीर अल हद्दादी सप्टेंबर २०१४मध्ये मॅसेडोनियाविरुद्ध युरो पात्रता सामन्यात स्पेनकडून शेवटची काही मिनिटं खेळला आणि तेवढ्यावर मोरोक्कोची दारं बंद झाली. क्रीडा लवादानेही त्याची मागणी फेटाळली. २०२०च्या सप्टेंबरमध्ये फिफाने नियम सैल केला, तेव्हा २०२१मध्ये तो मोरोक्कोकडून खेळू शकला.

आताच्या नियमाप्रमाणे, वरिष्ठ अधिकृत (म्हणजे मैत्रीपूर्ण नसलेला) सामना खेळलेल्या खेळाडूला बदल हवा असेल तर जुन्या संघाकडून सगळे मिळून ३पेक्षा जास्त वरिष्ठ सामने झालेले नसावेत, तेही वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचे. शेवटच्या सामन्याला ३ वर्षं उलटलेली असावीत. विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो खेळलेला नसावा. आणि जुन्या संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळताना नव्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडे असायला हवं. युवा संघातून होणारा बदल यापेक्षा सोपा असतो: जमाल मुसियाला नोव्हेंबर २०२०मध्ये इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघात होता, मार्च २०२१मध्ये जर्मनीच्या वरिष्ठ संघात. म्हणून युवा संघाची नोंद करायची असेल तर तळटीपेत करा, संघाच्या रकान्यात नाही.

जुन्या काळात हे काहीच नव्हतं, त्यामुळे तिथे एका खेळाडूला दोन ओळी द्याव्या लागतात. लुईस माँटी १९३०चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि १९३४चा इटलीकडून जिंकला. जोसे अल्ताफिनी १९५८मध्ये ब्राझीलचा, १९६२मध्ये इटलीचा. फेरेंक पुश्काश हंगेरीकडून ८५ सामने आणि ८४ गोल करून नंतर स्पेनकडून ४ सामने खेळला. आल्फ्रेदो दि स्तेफानो अर्जेंटिना आणि स्पेन या दोन्ही संघांचा. कोलंबियाकडूनही तो ४ सामने खेळला, पण त्यांना फिफाची मान्यता नाही, म्हणून ते बेरजेत घेऊ नयेत.

देशच नाहीसा झाला असेल तर त्या वेळचं नाव लिहायचं. लेव याशिन सोव्हिएत संघाचा; त्याला रशियाचा लिहिणं चूक. मॅथियस सामर आधी पूर्व जर्मनीचा, मग एकत्रित जर्मनीचा, आणि या दोन ओळींची बेरीज करायची नाही. दावोर शुकरचे क्रोएशियासाठीचे ४५ गोल वेगळे आणि युगोस्लाव्हियासाठीचा एक वेगळा. देयान स्टँकोविचचं प्रकरण तर मजेशीरच: १९९८, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांत तो अनुक्रमे युगोस्लाव्हिया, सर्बिया-माँटेनेग्रो आणि सर्बिया या नावांनी खेळला, तेही एकदाही संघटना न बदलता. अशा वेळी ओळ एकच ठेवून नावं काळाप्रमाणे आत लिहिणं बरं. उलट व्हालोन बेरिशाला दोन ओळी हव्यात. कोसोव्हो २०१६मध्ये फिफाचा सदस्य झाला आणि तो नॉर्वेकडून तिकडे गेला.

आकडे जुळेनासे झाले की आधी काय मोजलंय ते पाहा. पेनल्टी शूटआउटमधले गोल खेळाडूच्या नावावर चढत नाहीत. क्लब किंवा निवडक संघांविरुद्धचे सामने काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. पेलेचे ब्राझीलसाठीचे गोल ७७ आणि ९५ असे दोन आकड्यांत दिसतात ते यामुळेच. ७७ हा देशांच्या संघांविरुद्धचा, ९२ सामन्यांतला आकडा आहे आणि यादीत तोच घ्यावा. विक्रम लिहिताना पुरुष की महिला हे सांगितलंच पाहिजे: कॅनडाच्या ख्रिस्तीन सिंक्लेअरचे १९० आंतरराष्ट्रीय गोल आहेत, त्यामुळे 'सर्वाधिक गोल रोनाल्डोचे' हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं तर खोटं ठरतं.

'निवृत्त' हा शेरा घाईने मारू नका. झ्लाटान इब्राहिमोविच २०१६मध्ये थांबला आणि २०२१मध्ये स्वीडनकडून परत आला. टोनी क्रूस २०२४च्या युरोसाठी परतला. सुनील छेत्री जून २०२४मध्ये निरोप घेऊन मार्च २०२५मध्ये पुन्हा भारताकडून उतरला. त्यापेक्षा शेवटच्या सामन्याची तारीख लिहावी, ती आपोआप खरी राहते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबतात तो काळ संपला की खेळत्या खेळाडूंच्या ओळी उघडून सामने, गोल आणि तपासल्याची तारीख बदला. आधी त्या देशाच्या संघटनेची नोंद, मग स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचा सामना अहवाल. दोन्हींत फरक दिसला तर अहवालातली संघयादी खरी धरून पुढची मोजणी करा.