विममधून शेल कमांड मारायच्या आधी (सेव्ह केलं का?)

विम म्हणजे भांड्यांचा नाही, मजकूर लिहायचा एडिटर. शेल म्हणजे टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बॅश हा त्यातलाच एक. कमांड इथे मराठीत लिहिल्यात, टाईप इंग्रजीतच करा. उघडी फाईल तिथूनच कमांडला द्यायची तर :! लिहून कमांड आणि पुढे %, हे सगळ्यांना येतं. % म्हणजे उघड्या फाईलचं नाव. फाईलला अजून नावच नसेल तर एरर येईल, पुढे चला.

आता मुद्दा. सेव्ह करा. कमांड डिस्कवरची फाईल वाचते, तुमच्या स्क्रीनवरची नाही! माझी एक बॅश स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेली फाईल) होती, एक फोल्डर रिकामा करणारी, त्यात चुकून फोटोंचा फोल्डर लिहिला होता, ते दिसलं म्हणून लगेच बदललं आणि त्याच घाईत :!बॅश % मारलं, सेव्ह न करता. चालली जुनी स्क्रिप्ट. भाच्याच्या मुंजीचे फोटो गेले, ताईला अजून नीट सांगितलेलं नाही. विमने "शेवटच्या बदलानंतर सेव्ह केलेलं नाही" असं सांगितलं पण होतं, पण ती ओळ वाचतो कोण, आणि वाचेपर्यंत कमांड सुटलेली असते. म्हणून आधी :डब्ल्यू (म्हणजे सेव्ह), मग :!. आधीचीच कमांड परत चालवायला :!! मारता ना, तेव्हा पण आधी :डब्ल्यू. विसरभोळे असाल तर विमच्या सेटिंगच्या फाईलीत 'सेट ऑटोराईट' टाकून ठेवा, मग :! च्या आधी विम स्वतःच सेव्ह करतो. मी टाकलंय, तरी हात :डब्ल्यू कडे जातोच, जाऊ दे.

सेव्ह न करता स्क्रीनवरचंच द्यायचं असेल तर :डब्ल्यू, मग स्पेस, मग !बॅश. स्पेसची जागा बघा हं, उद्गारचिन्ह डब्ल्यूला चिकटलं आणि स्पेस नंतर आली तर बॅश नावाची फाईल तयार होते, आणि त्या नावाची आधीच असेल तर तिच्यावरच लिहून मोकळा.

काही पुसणारं, हलवणारं असेल तर आधी :!इको % करून कुठली फाईल जातेय ते बघा. नावात स्पेस असेल तर % अवतरणात, नाहीतर एका फाईलच्या दोन होतात. सॉर्ट करून (ओळी क्रमाने लावून) > ने त्याच फाईलमध्ये कधीच टाकू नका, शेल आधी फाईल रिकामी करतं आणि मग सॉर्टला देतं, हातात शून्य. त्यासाठी :%!सॉर्ट आहे, इथला % म्हणजे सगळ्या ओळी, नाव नाही, हा घोळ कुणी घातला देव जाणे. हे मात्र स्क्रीनवरच्या मजकुरावर चालतं. कमांड चुकली तर मजकुराच्या जागी एरर येऊन बसते, घाबरू नका, यू दाबा.

कमांडचं आऊटपुट उघड्या फाईलीत हवं तर :आर ! आणि पुढे कमांड. कमांडने फाईल बदलली तर ती परत वाचायला :ई. बाकी जमेल तसं. आणि सेव्ह केलं का?