ज्वारीच्या कण्या आणि चिकन: कुत्र्यासाठी घरचे जेवण

सोलापूरकडच्या घरांत कुत्र्याच्या ताटलीत वर्षानुवर्षे दूध-भाकरी पडत आली आहे. त्यात दोष ज्वारीचा नाही, कारण नीट शिजवलेली ज्वारी कुत्र्याला पचते. परंतु नुसत्या भाकरीतून त्याला पुरेशी प्रथिने आणि कॅल्शियम मिळत नाही, आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नसल्यामुळे जुलाब होतात. त्याहून घातक म्हणजे कालच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी. रश्श्याच्या वाटणातला कांदा आणि शेंगाचटणीतला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो वा वाळवलेला. जिल्ह्यात द्राक्षे आणि बेदाणे मुबलक असले तरी एखादा दाणादेखील कौतुकाने देऊ नये, कारण त्याने काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते.

पुढील प्रमाण सुमारे १० किलो वजनाच्या निरोगी प्रौढ कुत्र्याच्या एका दिवसाच्या, म्हणजे साधारण ६०० किलोकॅलरींच्या, जेवणाचे आहे. ७० ग्रॅम ज्वारीच्या कण्या, २०० ग्रॅम बिनहाडाचे व कातडी काढलेले चिकन, एक अंडे, ७० ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर आणि चहाचा एक चमचा तेल घ्यावे. कण्या चार-पाच तास भिजवून चौपट पाण्यात कुकरला लावाव्यात आणि बोटांनी दाबल्यावर दाणा विरघळेल इतक्या मऊ होऊ द्याव्यात. आपल्याला ताकाबरोबर खाताना जरा दाताखाली येणारी कणी आवडते, कुत्र्याला ती आख्खीच बाहेर पडते. चिकन वेगळे उकडून बारीक करावे, त्याच पाण्यात भाजी शिजवावी, अंडे उकडून कुस्करावे आणि सगळे एकत्र कालवून शेवटी तेल घालावे. मीठ, तिखट, काळा मसाला यांपैकी काहीही घालू नये. चिकनऐवजी मटणाचा खिमा चालतो, मात्र त्यावरची चरबी काढून टाकावी, कारण जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

कॅल्शियमचा भाग बहुतेक जण विसरतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे महिनोन्‌महिने नुसते मांस आणि धान्य खाणाऱ्या कुत्र्याचे शरीर ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते आणि हाडे ठिसूळ होतात. त्यावर उपाय म्हणून शिजवलेली हाडे देणे चुकीचे आहे. ती कडक होऊन टोकदार तुकड्यांत फुटतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात. अंड्याची टरफले धुऊन दहा मिनिटे उकळावीत, उन्हात कडकडीत वाळवावीत (सोलापुरात याला वेळ लागत नाही) आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक दळून वस्त्रगाळ करावीत. वरील जेवणात या भुकटीचा चहाचा सपाट अर्धा चमचा घातला की साधारण ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. एवढे करूनही जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव राहते. हेच जेवण रोजचे करायचे असेल तर पशुवैद्यांकडून जीवनसत्त्व-खनिजांचे योग्य मिश्रण लिहून घ्यावे. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

आठवड्यातून दोनदा चिकनमधले २० ग्रॅम कमी करून तितकीच कलेजी घालता येते. रोज दिल्यास अ जीवनसत्त्व अति होऊ शकते.

दिवसाचे जेवण सकाळ-संध्याकाळ असे दोन वेळा विभागून द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे गेलेला असताना ताटलीत उरलेले अन्न तासाभरात उचलून टाकावे आणि दुपारी मुळीच वाढू नये, कारण उन्हाच्या तडाख्यात कुत्रा आधीच कमी खातो. फ्रीजमध्ये हे अन्न दोन-तीन दिवस टिकते. वाढण्यापूर्वी ते कोमट करावे.

जुन्या खाण्यावरून नव्यावर एकदम जाऊ नये. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, पुढे निम्मे, असे करत आठ-दहा दिवसांत बदल पूर्ण करावा आणि शी पातळ झाल्यास एक पायरी मागे यावे. दर पंधरा दिवसांनी कुत्र्याला उचलून घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. बरगड्या हाताला सहज लागत नसतील तर प्रथम कण्या कमी कराव्यात. वाढत्या पिल्लांना, गाभण कुत्रीला आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला मात्र हे प्रमाण लागू पडत नाही, त्यांचा आहार पशुवैद्यांनीच ठरवावा.