उंदराच्या कुशीवरच्या गाठीला नेमका डोस देताना

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, एक्स-रे यंत्रासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आणि छातीवर टीएलडी बॅज (आपल्याला लागलेलं विकिरण मोजणारा बिल्ला), यांत तडजोड नाही. प्रयोगातल्या उंदराच्या त्वचेखालची कर्करोगाची गाठ १०० घनमिलिमीटरच्या आसपास आली की विकिरण, म्हणजे एक्स-रेचा मारा, सुरू करा. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले २, असं आकारमान काढतात, ६.५ बाय ५.५ मिलिमीटरची गाठ ९८ भरते. मोजायचं कॅलिपर शेवटपर्यंत एकाच माणसाकडे ठेवा.

कामाच्या दिवशी आधी आयन चेंबरने (किरणांमुळे आतल्या हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाने) यंत्राचा डोस मोजा. मुंबईत पावसाळ्यात हवेचा दाब १००.४ किलोपास्कलपर्यंत उतरतो, म्हणजे चेंबरमधली हवा विरळ होते. खोली २४ अंशांवर असेल, तर २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल या संदर्भाने दुरुस्तीचा गुणक १.०२३ येतो. तो लावायचा राहिला तर मापन कमी दिसतं, आपण बीमची (किरणांच्या झोताची) वेळ वाढवतो आणि प्रत्येक उंदराला सव्वादोन टक्के जास्त डोस जातो. दमट हवेत केबलच्या जोडावर गळतीही वाढते. चेंबर सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, आणि बीम बंद असताना मीटरवरचा शून्य हलतोय का ते बघून घ्या.

खरी कसोटी नेमकेपणाची. ३ मिलिमीटरची पोलादी गोळी सीटीवर बरोबर केंद्रात आणा, मागे फिल्म लावा आणि ५ मिलिमीटरच्या कॉलिमेटरने (बीमचा आकार ठरवणाऱ्या झडपेने) ० व ९० अंशांतून बीम सोडा. फिल्मवरच्या गडद चौकोनाच्या मधोमध गोळीची फिकट सावली दिसायला हवी. ती अर्धा मिलिमीटर सरकलेली असेल तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत उंदीर ठेवू नका. इवल्याशा गाठीची एक कड डोसविना राहिली, की ती तिथूनच पुन्हा वाढते.

भूल आयसोफ्लुरेनची: ३ टक्क्यांनी सुरुवात, मग दीड टक्का, डोळ्यांना मलम. खोलीतला एसी जोरात असतो, म्हणून खाली गरम पॅड हवंच. शरीर ३७ अंशांवर ठेवा. उंदीर गारठला की गाठीचा रक्तपुरवठा घटतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि तोच डोस कमी पेशी मारतो. विकिरण न मिळणाऱ्या गटालाही तितकाच वेळ भूल द्या, नाहीतर तुलना फसते.

बीम २२० किलोव्होल्टचा, ०.१५ मिलिमीटर तांब्याच्या फिल्टरमधून. वरून सरळ मारला तर मागच्या आतड्यालाही डोस जातो. म्हणून समोरासमोरून, कुशीला स्पर्शून जाणारे दोन बीम घ्या. कॉलिमेटर १० मिलिमीटरचा, म्हणजे चहूबाजूंनी जवळपास २ मिलिमीटर मोकळीक राहते. वजन एक दिवसाआड बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी जुलाब होऊन वजन उतरलं तर त्या उंदराचं सीटी पुन्हा उघडा: बहुधा आतडं बीममध्ये आलेलं असतं.