लकव्यानंतर चालणं: अंगणात सराव कसा घ्यायचा

लकव्याचा माणूस दवाखान्यातून घरी आला की दोघं जण दोन्ही बगलांत हात घालून त्याला अंगणात फिरवतात. माया खरी, पण पद्धत नुकसानीची. लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढ बसली की सांधा खोबणीतून खाली सरकतो आणि खांदा महिनोन्महिने दुखतो. शिवाय सगळं वजन धरणाऱ्यांवर जातं आणि लुळा पाय नुसता घसटत राहतो. त्या पायावर भारच आला नाही तर मेंदू तो वापरायला पुन्हा शिकणार कसा? म्हणून आधी भार, मग पाऊल. तेलाच्या मालिशनं अंग मोकळं वाटतं, तोल मात्र उभं राहूनच परत येतो.

डॉक्टरांनी उभं करायला परवानगी दिलेली असावी आणि बीपीची गोळी एकही दिवस चुकू नये. कमरेला रुंद दुपट्टा किंवा पट्टा घट्ट बांधा. तुम्ही लुळ्या बाजूला, थोडं मागं उभं राहा आणि पकड त्या पट्ट्यावर ठेवा, हातावर नाही.

पहिला सराव उठण्या-बसण्याचा. सुतळीची बाज मधे झोळते, त्यावरून घेऊ नका. साधारण 45 सेंमी उंचीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागं घ्या आणि लुळं पाऊल चांगल्या पावलापेक्षा थोडं मागं असू द्या. चांगलं पाऊल मागं राहिलं तर सगळा भार तेच उचलतं. नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईल इतकं वाकून मग उठायचं. बसताना धपकन पडायचं नाही. 5 वेळा करून विश्रांती, असे 3 फेरे, सकाळ-संध्याकाळ. उठता येत नसेल तर सतरंजीची घट्ट घडी घालून बैठक उंच करा.

पुढच्या सरावाला बांबूचे दोन कठडे लागतात. आपल्याकडे बांबू मिळतो, तेव्हा खर्च फार नाही. प्रत्येकी 3 मीटर लांब, दोघांमधलं अंतर 60 सेंमी. उंची अंदाजानं ठरवू नका: माणसाला सरळ उभं करून हात खाली सोडायला लावा, मनगटाची घडी येईल तितका बांबू उंच. फार उंच झाला तर खांदे वर चढतात, ठेंगणा झाला तर माणूस पुढं वाकून चालतो. खांब दर दीड मीटरवर, जमिनीत दोन फूट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलायला लागतात, म्हणून खड्ड्यात मुरूम ठोकून भरा. चिरफाळ्या तासून घ्या, बांबू बांधलेल्या तारेची टोकं कठड्याच्या बाहेरच्या बाजूला वळवा, आणि आधी तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून बघा.

कठड्यावर तळहात टेकवायचा. मूठ आवळून स्वतःला ओढायचं नाही. पाय खांद्यांएवढे फाकवून वजन लुळ्या पायावर न्यायचं, 5 सेकंद थांबायचं, असं 10 वेळा. हे जमलं की समोर एक वीट आडवी ठेवा आणि चांगला पाय तिच्यावर ठेवायचा-काढायचा. तेवढा वेळ लुळा पाय एकटा शरीर पेलतो. सगळ्या सरावात आम्ही सर्वात मोलाचा हाच मानतो. गुडघा दुमडत असेल किंवा उलट मागं ताणला जात असेल तर वीट काढा, वजन पेलण्यावर परत या. मग बाजूला पावलं टाकत चालणं, शेवटी सरळ.

पाऊल लोंबत असेल तर माणूस पाय बाहेरून फिरवून टाकतो. त्याला एएफओ म्हणजे पावलाची पट्टी लागते; जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात विचारा. ती काढल्यावर लाल वण अर्ध्या तासातही गेला नाही तर पुन्हा घालण्याआधी दाखवून घ्या. चप्पल मागं पट्टा असलेलीच.

काठी चांगल्या हातात. क्रम: काठी, लुळा पाय, चांगला पाय. ओटा चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी.

पार्किन्सनमध्ये (कंपवातात) अडचण वेगळी: उंबरठ्यावर पाऊल जागीच चिकटतं. तिथं ओढू नका, माणूस तोंडावर पडतो. जमिनीवर 40-50 सेंमीवर चुन्याच्या आडव्या रेघा मारा आणि रेघ ओलांडायला सांगा.

सारवण ओलं असताना सराव नको. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत उरका.

आठवड्यातून एकदा घड्याळ लावा: खुर्चीतून उठून 3 मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंदांहून जास्त लागत असतील तर माणूस पडू शकतो. त्याला न्हाणीपर्यंतही एकटं सोडू नका. आकडा कॅलेंडरवर लिहा. आणि एखाद्या दिवशी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात एकाएकी गळाला, तर सराव तिथंच थांबवून 108 ला फोन लावा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा.